मारबरीबाईंचा परिचय, पाच मिनिटांत

रविवार, ११ जानेवारी २००९. सकाळी १०.१५

मिलिंदचा फोन. मार्चमध्ये आपल्या मंडळात अंतराळवीर येणार. खरा. म्हणजे खरी. डॉ. एलेन मारबरी. अमेरिकन, दोनदा शटलमधून वर जाऊन आलेली, आता रिटायर्ड. विषय: अंतराळ संशोधनाची पुढची पन्नास वर्षं. मिलिंदची मेहुणी अर्चना साउथहॅम्प्टनला हॉस्पिटलात डॉक्टर आहे, तिच्या ओळखीतून जमलं. तिथल्या युनिव्हर्सिटीत बाईंचं भाषण आहेच, जाता जाता आपल्याकडे.

मिलिंद स्टॅनमोरला दात काढतो. जन्मभर लोकांच्या तोंडात बोटं घालून बसलेल्या माणसाला घरबसल्या अंतराळवीर मिळतो. आणि ज्यानं या विषयावर जीव ओवाळून टाकला तो पिनरमध्ये विमा कंपनीचं सॉफ्टवेअर टेस्ट करत बसतो. चालायचंच.

पाहुण्यांचा परिचय मी करून द्यावा म्हणतो. पाच मिनिटं. तुझ्याइतकं यातलं कळणारा माणूस अख्ख्या हॅरोत नाही रे रघुवीर, असं म्हणाला. हे कळायला त्याला अकरा वर्षं लागली. वायव्य लंडन मराठी मंडळानं आजवर माझ्यावर सोपवलेली कामं: खुर्च्या, पार्किंग, आणि गणपतीत ढोल वाजवल्याबद्दल कौन्सिलला माफीचं पत्र.

हो म्हटलं. दहा सेकंद थांबून म्हटलं. उतावीळ वाटू नये.

सुनीतीला सांगितलं. पाच मिनिटं म्हणजे घड्याळातली की तुमची, असं विचारलंन. बायकोनं नवऱ्याला किती ओळखावं याला मर्यादा हवी.

नोंदीसाठी: १९८५ साली अंतराळ खात्याच्या बंगलोरच्या मुलाखतीला बोलावलेल्या शेवटच्या चाळीसांत मी होतो. पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. राजकारण.

संकल्प: उद्यापासून सकाळी सहाला पार्कात धावणे. अंतराळवीराशेजारी उभं राहायचं तर पोट दिसता कामा नये.

सोमवार, १२ जानेवारी. सकाळी ६.०४

धावायला निघालो. अंधार.

सकाळी ६.०९

परत आलो. या बुटांना ग्रिप नाही. आधी बूट.

शनिवार, १७ जानेवारी

मिलिंदकडे कमिटीची मीटिंग. अडीच तास. त्यातले दोन तास बाईंचा सत्कार कशानं करायचा यावर.

आमच्या अध्यक्ष आशाताई. वय पंच्याहत्तर, एकोणीसशे अडुसष्टपासून इथं. त्यांचं म्हणणं, बाईमाणूस आहे, घरी आली आहे, साडी द्यायची, ओटी भरायची. मिलिंदचं म्हणणं, अमेरिकन बाईची ओटी स्टेजवर भरायची तर पदर कुठून आणायचा. आशाताई म्हणाल्या, पदर मी देते माझा. मग शाल ठरली. नारळावरून पुन्हा अर्धा तास. बाई मंगळवारी विमानात बसणार, नारळ नेऊ देतील का. देतील की, आशाताई म्हणाल्या, चंद्रावर जाणारी बाई, तिला नारळ जड झालाय होय?

ती चंद्रावर गेली नाही, पृथ्वीभोवती फिरली, हे मी स्पष्ट केलं. कोणी ऐकलं नाही. या समाजात हेच.

हॉल शाळेचा, ज्योत पेटवायला बंदी. तेव्हा दीपप्रज्वलन बॅटरीच्या मेणबत्त्यांनी. पाच वातींच्या समईत पाच बॅटऱ्या. अंतराळयुग.

शाल कुठली आणायची यावर चर्चा चालली असताना सुनीती, जी फक्त चहा द्यायला आत आली होती, ती ट्रे खाली ठेवून म्हणाली की सोलापुरी चादर द्या ना. ऊबही मिळेल, आणि ह्यांना जुनी आठवणही येईल. सगळे हसले. कशाला हसतोय ते एकालाही माहीत नव्हतं. मी हसलो नाही.

येताना गाडीत मी विषय काढला नाही. तिनंही नाही. काही बायका न बोलता फार बोलतात.

चांगली गोष्ट: भाषणानंतर तीन मुलांना बाईंना प्रश्न विचारायला मिळणार. मुलांनी लिहून पाठवायचे, आशाताई तीन निवडणार. आमची पूर्वी पाठवते म्हणाली. पंधरा वर्षांची पोर, एरवी मंडळ म्हटलं की पोटात दुखतं तिच्या. आकाशाची ओढ माझ्याकडून आली आहे.

सोमवार, २ फेब्रुवारी

लंडनमध्ये अठरा वर्षांत पडला नव्हता इतका बर्फ. बस बंद, शाळा बंद. धावणं स्थगित. सरकारनंच बसा म्हटल्यावर आपण काय करणार.

दिवस सत्कारणी लावला. परिचय लिहायला घेतला. बाई एकदम स्टेजवर आणून उपयोग नाही, पार्श्वभूमी हवी. वेदांतली नक्षत्रं, मग आर्यभट. संध्याकाळपर्यंत सहा पानं झाली आणि आपण भास्कराचार्यांपर्यंत आलो. बाईंना अजून आठशे वर्षं आहेत.

रविवार, ८ फेब्रुवारी

पूर्वीचा प्रश्न निवडला गेला. आशाताईंनी स्वतः फोन करून सांगितलं. म्हणाल्या, तुमच्या लेकीचा प्रश्न मी तीनदा वाचला हो.

उत्सुकतेनं प्रश्न पाहिला. पूर्वीनं वेबसाइटवर वाचलंय की मारबरीबाईंना अंतराळवीरांच्या मुलाखतीत तीनदा नाकारलं होतं, चौथ्यांदा घेतलं. तर प्रश्न असा: तीन वेळा नाही म्हणाल्यानंतर चौथ्या वेळेला जायच्या दिवशी सकाळी तुम्ही काय केलंत?

मला हसू आलं. दोनदा पृथ्वी सोडलेल्या बाईला विचारायचा हा प्रश्न आहे? ब्रश केला, म्हणेल. पूर्वीला समजावलं की प्रश्नानं विचारणाऱ्याची उंची कळते. ती म्हणाली, बाबा, ती माझी प्रश्न आहे. मी म्हटलं, प्रश्न ती नसते, तो असतो. ती उठून गेली. मराठीबद्दल बोललं की आजकालची मुलं उठून जातात.

तिच्यासाठी चांगला प्रश्न टाइप करून कार्डावर चिकटवला: ‘चांद्रयानाच्या यशानंतर चंद्रावरील हेलियम-३च्या उत्खननात भारताची भूमिका निर्णायक ठरेल, हे आपल्याला मान्य आहे काय?’ भारदस्त. कार्ड तिच्या टेबलावर ठेवलं. संध्याकाळी ते फ्रिजवर होतं. उलटं. त्यावर सुनीतीनं दूध, कांदे, टॉयलेट रोल असं लिहिलं होतं.

बुधवार, १८ फेब्रुवारी

ऑफिसात पुष्करला निमंत्रण दिलं. पुष्कर माझा मॅनेजर. नागपूरचा, वय तीस, मला रघुवीरजी म्हणतो आणि मग रजा नाकारतो. बंगलोरचा विषय ओघानं निघाला. शेवटच्या बारांत होतो, म्हटलं. काय सांगता, म्हणाला, मग सिलेक्शन का नाही झालं? मी नुसता हसलो. कडवट हसणं मला चांगलं जमतं. मग त्यानं विचारलं, ते डिफेक्ट नंबर दोनशे अकराचं काय झालं. क्षुद्र माणूस.

बूट आणले. धावायचे. चावतात.

रविवार, १ मार्च. दुपारी

रंगीत तालीम. श्रोता: सुनीती, मटार सोलताना. एकतीस मिनिटं लागली. घरात लागतात, स्टेजवर माणूस आपोआप भरभर बोलतो.

मटार संपल्यावर तिनं दोन गोष्टी सांगितल्या. एक, त्या बाईचं नाव तेविसाव्या मिनिटाला येतं. दोन, त्याच्या आधी तुमचं नाव चारदा येतं.

मी म्हटलं, रॉकेटला वेग घ्यायला वेळ लागतो. ती म्हणाली, अहो, साडेआठ मिनिटांत वर पोचतं ते, पूर्वीनं सांगितलंय मला.

मग जरा वेगळ्या आवाजात म्हणाली, तेवढं बंगलोरचं पान काढा. पोरीसमोर नको. मी म्हटलं, पोरीसाठीच तर आहे. बाप कोण होता हे तिला लोकांच्या तोंडून नाही, माझ्या तोंडून कळायला हवं. सुनीती म्हणाली, तेच म्हणतेय मी. आणि सालं घेऊन आत गेली.

काढलं नाही. एक दुरुस्ती केली. नीट आठवून पाहिलं तर आम्ही सात होतो.

शुक्रवार, १३ मार्च

पूर्वी खोलीत आली. स्वतःहून. डिसेंबरनंतर प्रथमच. दारात उभं राहून विचारलं, बाबा, तुझी भाषण फाइव्ह मिनिट्स आहे ना? आमचे questions लास्टला आहेत. सहाला शाळेचा तो माणूस हॉल बंद करतो.

मी म्हटलं, बेटा, माझ्यावर विश्वास ठेव.

ठेवलान. मान हलवून गेली. मग भिंतीपलीकडून ऐकू येत होतं, तीच ती वाक्यं इंग्रजीत, आधी भरभर, मग सावकाश. तोच बालिश प्रश्न. हट्टी आहे. हेही माझ्याकडून.

परिचय एकोणीस पानांवरून अठरावर आणला. अक्षर लहान केलं.

शनिवार, १४ मार्च. सकाळी ७.३०

आज. दाढी दोनदा केली. ब्लेझरचं बटण लागत नाही. उघडा ब्लेझर जास्त शास्त्रज्ञासारखा दिसतो.

संध्याकाळी ८.१०

ऐतिहासिक दिवस. ताजा असतानाच लिहून ठेवतो.

कार्यक्रम चारचा, सुरू झाला चार पंचवीसला. अर्धे लोक बटाटेवड्यांच्या रांगेत होते. दोनशे माणूस. मारबरीबाई पहिल्या रांगेत, पिकलेले आखूड केस, साधे बूट, मांडीवर कागद नाही. मी ओळख करून घेतली. बंगलोरचं सूतोवाच केलं. बाई म्हणाल्या, how wonderful. मनापासून.

ईशस्तवन. समई. तिसरी बॅटरी लागेना, आशाताईंनी ती थोपटली, फुंकली, शेवटी मिलिंदनं आपल्या फोनचा दिवा समईत ठेवला. आशाताईंचं अध्यक्षीय, मिलिंदचं प्रास्ताविक. म्हणजे माझ्या हातात माइक आला तेव्हा चार पंचावन्न. हा उशीर माझा नाही हे इथं ठळकपणे नोंदवतो.

सभागृह जिंकलं. आर्यभटाला टाळ्या. भास्कराचार्यांनाही, जरा लांबलेल्या, मी बोलायला लागलो तरी थांबेनात. मागच्या रांगा पुढं सरकून ऐकत होत्या, काही तर उभ्या राहून दारापर्यंत गेल्या. मिलिंद पहिल्या रांगेतून हातानं खाली, खाली अशी खूण करत होता. आवाज मोठा झाला असावा, जरा कमी केला. मग त्यानं चिठ्ठी पाठवली. चिठ्ठी न वाचता खिशात घातली, वक्त्याची एकाग्रता भंगू द्यायची नसते.

बंगलोर आलं तेव्हा हॉलमध्ये शांतता. शेवटच्या तिघांत मी होतो, असं म्हटलं. तीन हा आकडा त्या क्षणी तोंडात आला आणि तोच खरा वाटला. सुनीती भिंतीपाशी उभी होती. ती बाहेर गेली. बायका हळव्या असतात.

पूर्वी आणि इतर दोघं मुलं स्टेजच्या डावीकडं माइकपाशी रांगेत, आधीपासूनच. पूर्वी मनगटावर बोट ठेवून मला घड्याळ दाखवत होती. मी तिच्याकडे पाहून हसलो. तिला वेळेची किंमत आहे.

पाच एकतीसला मारबरीबाईंचं नाव घेतलं.

बाईंनी स्लाइड्स लावल्याच नाहीत. पावणेसहाला त्यांची गाडी निघणार होती, साउथहॅम्प्टनला रात्रीचं जेवण. बारा मिनिटं बोलल्या. म्हणाल्या की पुढच्या पन्नास वर्षांबद्दल मला खात्रीनं एवढंच माहीत आहे की त्यातली बरीचशी वाट बघण्यात जातील. यंत्रं आधी जातील आणि ती माणसांपेक्षा चांगलं काम करतील, हे वाईट वाटून घेऊ नका. पण मंगळावर पहिलं पाऊल टाकणारं माणूस जन्माला आलेलं आहे. ते आज दहा ते वीस वर्षांचं आहे, आणि कुठल्या तरी खोलीत मोठ्या माणसांचं बोलणं संपायची वाट बघत बसलंय.

यावर हॉल हसला. खूप. का ते नीट कळलं नाही. मुद्दा माझाच होता, पान चौदा.

मग बाई मुलांकडे वळून म्हणाल्या, मला तुमचे प्रश्न ऐकायचेत. तेवढ्यात शाळेच्या माणसानं दिवे दोनदा बंद-चालू केले आणि मिलिंद शाल घेऊन धावत आला. शाल घातली, नारळ दिला. बाईंनी नारळ दोन्ही हातांत धरला आणि विचारलं की याचं नक्की काय करायचं असतं. आशाताई म्हणाल्या, डोक्यात घालायचा कुणाच्या तरी. मराठीत म्हणाल्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या असं वाटलं, पण त्यांना मोतीबिंदू आहे.

प्रश्न राहिले. तिन्ही मुलांचे. वेळेचं नियोजन मिलिंदकडे होतं.

घराशी उतरताना पूर्वीनं एवढंच विचारलं की बाबा, तू तिची ओळख करून दिलास की तुझी?

मी म्हटलं, दोन्ही एकत्र गुंफली होती.

रविवार, १५ मार्च

पूर्वी बोलत नाही. दार बंद. दोनदा वडे नेऊन दिले, कालचे, उरलेले भरपूर आहेत. ताटली बाहेर तशीच.

मिलिंदनं फोन केला. मला नाही, सुनीतीला. अर्चनानं उद्या संध्याकाळच्या साउथहॅम्प्टनच्या भाषणाचे दोन पास मिळवलेत. सुनीतीनं तिसऱ्याचं विचारलं का, असं मी सहज विचारलं. विचारलं, म्हणाली. मिलिंद काय म्हणाला? तो म्हणाला दोनच आहेत, आणि मग म्हणाला, थँक गॉड.

तसंही उद्या ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे.

खिशात चिठ्ठी सापडली. मिलिंदचं अक्षर. ‘रघ्या, बस कर, पोरं थांबलीत.’ वाचली असती तरी आणखी बरीच पानं बाकी होती.

सोमवार, १६ मार्च

पुष्कर म्हणाला, रघुवीरजी, परवाचा कार्यक्रम झकास झाला. त्या अमेरिकन बाईनंही दोन शब्द बोलायला हवे होते. मी म्हटलं, बोलल्या की. हो का, म्हणाला, मी वड्यांसाठी बाहेर होतो तेव्हा असेल.

दोघी साडेतीनला गाडी घेऊन गेल्या. सुनीतीला मोटरवेवर भीती वाटते, ती कधी हॅरोबाहेर चालवत नाही. आज गेली. फोडणीचा भात गरम करून खा, असा कागद ठेवला होता. फ्रिजवर, माझ्या हेलियमच्या कार्डाखाली.

भात खाल्ला. टीव्हीवर काही नव्हतं. उरलेली पानं आरशासमोर वाचली. वाया जाऊ नयेत.

मंगळवार, १७ मार्च. संध्याकाळी

पूर्वी बोलली.

चहाच्या वेळी आली, समोर बसली, आणि सगळं सांगितलं. इंग्रजी, मराठी, हातवारे, सगळं मिसळून. तिथं बाईंची ओळख करून देणारा प्रोफेसर एक वाक्य बोलला आणि बसला. (इंग्रजांना वक्तृत्व नाहीच.) शेवटी प्रश्न. पूर्वीनं हात वर केला. चारशे लोक, बाबा.

तिनं तोच विचारला. बाई म्हणे आधी पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या की त्या सकाळी मी नाश्ता केला, बस पकडली आणि गेले. खास काही नाही. माझ्यापेक्षा हुशार बरेच होते. पण मला बोलावलं की मी जात असे. तुम्हाला आश्चर्य वाटेल, किती लोक येतच नाहीत.

मी चहा ढवळत होतो. साखर घातलीच नव्हती.

पूर्वी म्हणाली, आणि मला तू आठवलास बाबा. कारण तू पण गेला होतास ना, बँगलोरला. घेतला नाही तुला, पण तू गेलास. मला तुझा राग आला होता शनिवारी, खूप. अजून पण आहे थोडी. पण तू गेला होतास.

सुनीती सिंकपाशी होती, पाठ आमच्याकडे. नळ सोडला तिनं. सिंकमध्ये एकही भांडं नव्हतं.

मी म्हटलं, हो.

बुधवार, १८ मार्च

ही डायरी माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. तेव्हा फक्त तपशील म्हणून.

पुण्याहून बंगलोरची गाडी वाटेत सोलापूरला थांबते. मी चहा प्यायला उतरलो. चहा गरम होता. गाडीची शिट्टी झाली, मी डब्याकडे पाहिलं, माझी बॅग खिडकीतून दिसत होती, आणि मी चहा पीत राहिलो. एवढंच. बॅग बंगलोरपर्यंत जाऊन आली. मी तिथल्या मावशीकडे चार दिवस राहिलो. मावशीनं जाताना चादर दिली. घरी सांगितलं, बघू, कळवतील. त्यांनी कुणाला कळवायचं, मी दिसलोच नाही त्यांना.

किती जण आले होते हे मला माहीत नाही. कळायला मार्ग नाही.

मावशीनं आमच्या लग्नात सुनीतीला सांगितलं. अठरा वर्षं झाली. तिनं एकदाही वापरलं नव्हतं, मिलिंदकडच्या त्या चादरीपर्यंत.

तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. चहा खरंच खूप गरम होता.

संकल्प: शनिवारी पूर्वीला सांगणे. फिरायला नेऊन. पार्कात. नवे बूट घालून.

शनिवार, २१ मार्च

पूर्वीला पोहायला जायचं होतं. अशी गोष्ट घाईत सांगायची नसते.

रविवार, २२ मार्च. सकाळी

इथला मदर्स डे. पूर्वीनं आईसाठी टोस्ट केले, मलाही एक दिला. समेट पूर्ण.

टोस्टबरोबर फॉर्म. जुलैत शाळेकडून दोन आठवडे वर्क एक्स्पीरियन्स असतं, तिला उपग्रह बनवणाऱ्या एका लॅबमध्ये जायचंय. या क्षेत्रात रस का, याला सहा ओळी. तिनं इंग्रजीत पेन्सिलनं स्वच्छ अक्षरात लिहिलंय: माझे वडील भारताच्या अंतराळ खात्याच्या मुलाखतीत शेवटच्या तिघांत होते. त्यांना घेतलं नाही. पण बोलावलं तेव्हा ते गेले, आणि हे मी त्यांच्याकडून शिकले.

खाली चौकोन. वरील माहिती खरी असल्याचं मी प्रमाणित करतो. पालकाची सही.

सुनीती माझ्याकडे बघत होती. पेन माझ्यासमोर ठेवलं, त्याच्या शेजारी पेन्सिल ठेवली आणि तिच्याशेजारी खोडरबर. मग टोस्टला लोणी लावत बसली. एका टोस्टला किती लोणी लागतं.

पूर्वी म्हणाली, बाबा, लवकर, उद्या द्यायची आहे.

मी फॉर्म दोनदा वाचला. स्पेलिंग सगळी बरोबर होती.

सही केली. तारीख घातली. सही जरा वेडीवाकडी आली. पेन खराब आहे. नवीन घ्यायला हवं.